मेश्रामांच्या हॉलमधली शर्यत

टीव्हीवरचा कार्यक्रम एकट्यानं बघितला तर तो तासाभरात संपतो. तोच पाच-सहा जणांनी एका सोफ्यावर दाटीवाटीनं बसून बघितला, की संपतच नाही! तो जिन्यात चालू राहतो, लिफ्टमध्ये चालू राहतो, भाजीवाल्यासमोर चालू राहतो. आणि मग किस्से साठत जातात. आमच्या वाघोलीच्या सोसायटीत गेल्या सीझनला एवढे साठले, की कुणाला तरी सांगून टाकल्याशिवाय मला चैन पडेना.

कार्यक्रम असा, की दोघादोघांच्या जोड्या परदेशात सोडून देतात. फोन काढून घेतात, हातात नकाशा देतात. विचारत, धावत, धडपडत ठरलेल्या जागी पोचायचं. शेवटची जोडी घरी. त्याला मोठं इंग्रजी नाव आहे, पण आम्ही नुसतं ‘शर्यत’ म्हणायचो.

आमच्यात सगळ्यात मोठा टीव्ही मेश्रामांचा. मेश्रामसाहेब कोर्टातून अधीक्षक म्हणून रिटायर झालेले, मूळचे नागपूरचे. सुषमाताई, म्हणजे त्यांच्या मिसेस, इथल्याच एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. पहिल्या रविवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे सहज गेले होते. चौथ्या मजल्यावरचा रितेश आणि त्याची होणारी बायको अदिती, दोघंही आयटीतले, तेही आले होते. शर्यत सुरू झाली आणि बेल वाजली. दारात जोगळेकर काकू. गणिताच्या शिक्षिका होत्या. उभा जन्म नारायण पेठेत काढून आता मुलाकडे वाघोलीत राहायला आलेल्या.

“वाटी द्यायला आलेय. बसत नाही,” काकू म्हणाल्या.

आणि खरंच बसल्या नाहीत! वाटी हातात धरून भिंतीला टेकून अख्खा एपिसोड उभ्यानं बघितला. मधून मधून फक्त, “हा मूर्ख आहे,” “ही त्याच्याहून मूर्ख आहे,” एवढंच. संपल्यावर वाटी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “काय लोक असले कार्यक्रम बघतात!”

पुढच्या रविवारी साडेसहालाच बेल वाजली. काकू स्वतःची खुर्ची घेऊन आल्या होत्या.

*

पहिलं मोठं भांडण झालं ते पुलावरून.

एका जोडीतल्या मुलानं मागून येणाऱ्यांना सांगितलं, “पूल बंद आहे, लांबून जा.” पूल छान उघडा होता! मागचे बिचारे गावाला वळसा घालून आले आणि बाहेर पडले.

“खोटं ते खोटं,” काकू म्हणाल्या. “शर्यत असली म्हणून काय झालं?”

“खेळच आहे जी तो,” सुषमाताई म्हणाल्या.

“नियमांत मनाई दिसत नाही,” मेश्रामसाहेबांनी चष्मा पुसत निकाल दिला.

रितेशनं मात्र भलतीकडेच बॉल मारला. “काकू, तुमच्या पेठेत पत्ता विचारला तर लोक दुसरं काय करतात?”

काकू सावकाश त्याच्याकडे वळल्या. “पेठेत माणसं अपमान करतील. पण पत्ता बरोबर सांगतील.”

झालं! शनिवारी सकाळी रितेश आणि मी स्कूटरवरून नारायण पेठेत. काकूंचा दावा तपासायचा म्हणून आम्ही एक अस्तित्वातच नसलेलं देऊळ ठरवलं होतं. ‘हसरा मारुती’.

एका स्टेशनरीवाल्याला विचारलं, “हसरा मारुती कुठे आहे हो?”

त्यानं पेपरातून डोकंही वर केलं नाही. “हसरा? पुण्यात?”

पुढे एक आजोबा दुधाची पिशवी घेऊन चालले होते. ते थांबले, नीट विचार केला आणि म्हणाले, “या भागात असा मारुती नाही. मी इथे जन्मापासून आहे.”

रितेशचा चेहरा पडला. आम्ही आभार मानून निघालो, तर आजोबांनी मागून हाक मारली. “पण जायचंच असेल, तर पुढून डावीकडे वळा!”

*

तिसऱ्या-चौथ्या एपिसोडला शर्यत एका खेडेगावात गेली. तिथल्या एका घरात जेवायचं, ताट संपवायचं, मग पुढची चिठ्ठी. घरातली म्हातारी प्रेमानं वाढत होती. आमची एक स्पर्धक घास तोंडात घेते काय, आणि त्या म्हातारीसमोरच थुंकते काय!

सुषमाताई इतक्या चिडल्या की रिमोट सोफ्यावर आपटला. “काय करून राहिली ही पोट्टी! कोणी जीव लावून वाढते अन् तू तोंड वाकडं करते?”

“मावशी, एखाद्याला नसेल सहन होत,” अदिती म्हणाली.

“गिळता येतं,” काकू म्हणाल्या. “संस्कार असले की काहीही गिळता येतं.”

सुषमाताईंनी ते वाक्य बरोब्बर लक्षात ठेवलं. पुढच्या रविवारी त्यांनी पाटोडीचा रस्सा केला. बेसनाच्या वड्या आणि वर लालभडक तर्री. अस्सल नागपुरी, पुणेकरांसाठी कुठलीही सवलत न देता! आता काकूंकडच्या आमटीत गूळ एवढा असतो, की पाहुण्याला ती गोडाचा पदार्थ वाटावी.

काकूंनी पहिला घास घेतला. आम्ही सगळे टीव्ही सोडून त्यांच्याकडे बघत होतो. कान लाल झाले. मग नाक. मग डोळ्यांतून पाण्याची धार. पण चेहऱ्यावरची रेष हलली नाही! एकेक घास करून काकूंनी वाटी संपवली, पदरानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, “छान झालाय.”

“अजून वाढू?” सुषमाताईंनी विचारलं.

“नको. आता फक्त एक सांगा,” काकूंचा आवाज घोगरा झाला होता. “या सोसायटीत पाण्याची टाकी कुठे आहे?”

आम्हाला वाटलं, विषय मिटला. पण त्याच्या पुढच्या रविवारी काकू आल्या त्या खुर्ची आणि एक डबा घेऊन. डबा रिकामा होता. तो त्यांनी सुषमाताईंच्या ओट्यावर ठेवला.

*

शर्यतीत एक बाप-लेक होते. लेक धावण्यात एकदम तरबेज. बाप साठीचा, गुडघे धरून चालणारा. एका डोंगरावरच्या किल्ल्याची चढण होती आणि बाप मागे मागे पडत होता. शेवटी ती पोरगी वरून ओरडली, “पापा, तुमच्यामुळे आपण हरणार!” तो माणूस खाली बघून चढत राहिला.

त्या दिवशी आमच्याकडे कुणी चहालाही हात लावला नाही.

“बापाशी असं बोलतात?” सुषमाताई.

“इतक्या कॅमेऱ्यांसमोर!” मी.

“पण ती खोटं काय बोलली?” अदिती म्हणाली. “इतके महिने तयारी केली असेल तिनं. तिलाही रडू येत असेल ना.” अदितीचं हे नेहमीचं. सगळे ज्याला झोडपतायत, त्याच्या बाजूनं ती उभी राहणार.

मेश्रामसाहेब एक शब्द बोलले नाहीत. एरवी प्रत्येक वादावर निकाल देणारा माणूस! टीव्ही बंद झाला तरी काळ्या पडद्याकडे बघत बसले होते. इतक्यात फोन वाजला. त्यांची मुलगी प्रज्ञा बंगलोरला असते, रविवारी फोन करते. साहेबांनी स्पीकर लावला आणि हॅलोसुद्धा न म्हणता विचारलं, “काय गं, मी फार हळू चालतो काय?”

“काय झालं बाबा? तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे. तू सांग. मागे बंगलोरला आलो होतो, तेव्हा तू सारखी पुढे जाऊन थांबायची. माझा राग यायचा काय तुला?”

“बाबा,” प्रज्ञा म्हणाली, “तुम्ही हळू नाही चालत. तुम्ही प्रत्येक दुकानाची पाटी वाचता!”

स्वयंपाकघरातून सुषमाताई ओरडल्या, “मोठ्यानं वाचतात, ते सांग!”

साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग फोन घेऊन गॅलरीत गेले आणि बराच वेळ आतच आले नाहीत. आम्ही आपापल्या चपला घालून हळूच निघालो.

*

आता रितेश आणि अदितीचं सांगते. यात हसण्यासारखं फार नव्हतं, निदान सुरुवातीला तरी.

शर्यतीत एक नवरा-बायको होते. नकाशा कायम नवऱ्याच्या हातात. रस्ता चुकला की तो बायकोवर चिडायचा, बरोबर निघाला की स्वतःची पाठ थोपटायचा. अदिती बरेच आठवडे ते बघत होती. एका रविवारी ती म्हणाली, “यानं एकदाही नकाशा तिच्या हातात दिलेला नाही.”

रितेश चिवडा खात होता. “तिला वाचता येत नसेल.”

बस, एवढंच! पण अदितीनं त्याच्याकडे असं बघितलं, की काकूंनी आपली खुर्ची जरा मागे सरकवली.

“आपला हॉल कोणी ठरवला?” अदितीनं विचारलं. “केटरर कोणी ठरवला? फ्लॅट कोणी बघितला? मला नुसते फोटो पाठवलेस.”

“अगं, तू बिझी होतीस म्हणून...”

“नकाशा तुझ्याच हातात आहे, रितेश.”

ती पर्स घेऊन निघून गेली. लग्न जवळ आलेलं, पत्रिका छापायला दिलेल्या. पुढच्या रविवारी दोघंही आले, पण वेगवेगळे, आणि सोफ्याच्या दोन टोकांना बसले. मधे मी! इतकं अवघडल्यासारखं मला स्वतःच्या लग्नातही झालं नव्हतं.

मग अदितीच्या आत्यानं दोघांना मांजरी गावात जेवायला बोलावलं. निघताना रितेशनं स्वतःचा फोन बंद केला, तिचाही मागितला आणि दोन्ही डिकीत टाकले. म्हणाला, “तू सांगशील तिकडे गाडी वळवणार. एक शब्द बोलणार नाही.”

अदितीला आत्याचं घर लहानपणापासून माहीत होतं. पण तेव्हा तिथे नुसता ऊस होता. आता मधे मधे टॉवर उभे राहिलेत. तिनं एका टॉवरपाशी डावीकडे घ्यायला लावलं, मग उजवीकडे, मग परत डावीकडे. शेवटी गाडी एका उसाच्या फडाच्या तोंडाशी जाऊन थांबली. पुढे रस्ताच नाही!

रितेश शब्दाला जागून गप्प बसला होता. पण त्यानं एक सुस्कारा सोडला.

“बोल ना! बोल!” अदिती भडकली. “मनात बोलतोयसच की!”

“मी कुठे काय बोललो?”

“तेच तर!”

दोघं गाडीतून उतरून बांधावर भांडायला लागले. हॉल, केटरर, फ्लॅट, त्याची आई, तिची आई, सगळं निघालं. बाजूला एक आजी गवताचा भारा डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. बऱ्याच वेळानं अदितीचं लक्ष गेलं. ती ओशाळून म्हणाली, “आजी, रस्ता चुकलोय आम्ही. तुम्हाला ठाऊक आहे का इकडचा?”

“मला ठाव हाय की,” आजींनी भारा खाली ठेवला आणि त्याच्यावर ऐसपैस बसल्या. “पर तुमचं आधी होऊन जाऊ द्या. अर्ध्यात सोडू नगा.”

अदिती म्हणते, त्यानंतर तिला भांडताच येईना. ती हसायला लागली, मग रितेश. आजी मात्र नाराज झाल्या. “संपलं व्हय?” म्हणाल्या आणि हातानं रस्ता दाखवला. आत्याचं घर त्या फडाच्या पलीकडेच होतं!

लग्न ठरल्या तारखेलाच झालं. हॉल मात्र बदलला. अदितीनं शोधलेला हॉल इतका आडबाजूला होता, की निम्मी वरात चुकली. त्यात नवरदेवही होता. पण तो कुणालाही एक शब्द बोलला नाही!

*

सोसायटीच्या वर्धापनदिनाला दरवर्षी संगीतखुर्ची असते. या वर्षी कमिटीनं शर्यत ठेवली. चिठ्ठ्या शोधत दोन्ही विंग पालथ्या घालायच्या, शेवटची चिठ्ठी गच्चीवर. काकू आणि मी एका जोडीत. मेश्रामसाहेब आणि रितेश दुसऱ्या. सुषमाताई आणि अदिती तिसऱ्या.

इतके आठवडे आम्ही टीव्हीवरच्या माणसांना किती नावं ठेवली होती! शिट्टी वाजली आणि सुषमाताईंनी पहिल्याच मिनिटाला एका बाईंना कोपरानं बाजूला सारलं. अदितीनं चिठ्ठी वाचून झाल्यावर ती जागेवर ठेवण्याऐवजी ओढणीत खोचली. माझं म्हणाल, तर मी एका छोट्या मुलीला चॉकलेट देऊन तिच्याकडून उत्तर काढून घेतलं. आमच्यातली नीतीची शेवटची आशा म्हणजे काकू.

आम्ही तळमजल्यावर लिफ्टची वाट बघत होतो. समोरून मेश्रामसाहेब धापा टाकत आले. काकू अतिशय शांतपणे म्हणाल्या, “लिफ्ट बंद आहे हो.”

“अरे बापरे!” म्हणून साहेब तडक जिन्याकडे वळले. त्यांच्या मागून रितेश. दोघं दिसेनासे झाले आणि लिफ्टचं दार उघडलं. काकू आत शिरल्या. “येताय ना, नीलिमा?”

साहेब गच्चीवर पोचले तेव्हा आम्ही बक्षिसाचा प्रेशर कुकर घेऊन फोटो काढत होतो. त्यांना बोलायलासुद्धा श्वास नव्हता. नुसतं बोट काकूंकडे आणि मग लिफ्टकडे!

“अहो, बंद आहेच की,” काकू म्हणाल्या. “बी विंगची. कालपासून बंद आहे. तुम्ही कुठली ते विचारलं नाहीत.”

मेश्रामसाहेब कठड्याला टेकून बसले. सवयीनं चष्मा काढून पुसला. आम्ही निकालाची वाट बघत होतो.

“नियमांत,” ते म्हणाले, “मनाई दिसत नाही.”

*

आणि आता शेवटचा. या जोडीबद्दल मी अजून बोललेच नाहीये. सासू-सून होत्या, साताऱ्याकडच्या. सासूला सगळे आक्का म्हणायचे, सून रेवती. हिंदी कार्यक्रमात दोघी आपसात खुशाल मराठी बोलायच्या. सुरुवातीला वाटलं, भांडणाची मजा म्हणून घेतलं असेल यांना. पण दोघी भांडल्याच नाहीत! गडबड नाही, आरडाओरडा नाही. चालत चालत, विचारत विचारत थेट फायनलला.

फायनलला त्या पहिल्या आल्या. म्हणजे आल्याच होत्या! समोर कमान, कमानीखाली लाल गालिचा, टाळ्या वाजवणारी माणसं. दोघींनी गालिच्यावर पाय ठेवला की झालं. मागचे दोन भाऊ पार लांब होते. आम्ही सगळे उभे राहून ओरडत होतो.

आणि आक्का थांबल्या.

बाजूला एक कारंजं होतं, त्याच्या कट्ट्यावर बसल्या. बुटांच्या नाड्या सोडल्या. बूट काढून शेजारी ठेवले. रेवती पुढे गेली होती, तिनं वळून बघितलं. तिला ओरडताना, हात धरून ओढताना बघायला आम्ही तयार होतो. पण ती परत आली, सासूकडे नीट बघितलं आणि शेजारी बसली. तिनंही बूट काढले! ते भाऊ धावत आले, चक्रावून दोघींकडे बघत पुढे गेले आणि जिंकले. निवेदकानं माइक पुढे करून विचारलं, “क्या हुआ?” दोघी नुसत्या हसल्या.

त्यानंतर आमच्याकडे जे झालं ते विचारू नका. शर्यत संपली तरी रविवार चालूच!

“पाय सोलून निघाले असतील,” सुषमाताई म्हणायच्या.

“दहा पावलांवर?” मी विचारायचे.

“सगळं स्क्रिप्टेड असतं,” रितेश.

“त्या भावांशी आधीच काही ठरलं असेल,” साहेबांना कोर्टातलं आठवायचं.

“जिंकून घरी गेल्यावर जे होणार होतं, ते आक्कांना नको असेल,” अदिती एकदा म्हणाली.

काकू मात्र अंदाज सांगायच्याच नाहीत. कार्यक्रम सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच! विचारलं की म्हणायच्या, “माहिती अपुरी आहे.”

आणि काय योग बघा! वाघोलीतल्याच एका कॉलेजच्या कार्यक्रमाला आक्का आणि रेवती पाहुण्या म्हणून येणार असल्याचं कळलं. आम्ही सगळे रितेशच्या गाडीत कोंबून बसलो. पुढच्या रांगेत जागा पकडली. प्रत्यक्षात आक्का टीव्हीपेक्षाही लहानखुऱ्या दिसत होत्या. प्रश्नोत्तरं सुरू झाली तसा सुषमाताईंनी माइक जवळजवळ हिसकावूनच घेतला.

“आक्का, त्या दिवशी तुम्ही काऊन थांबल्या?”

सगळं सभागृह पुढे झुकलं. आक्कांनी सुनेकडे बघितलं. “सांगू का गं?”

रेवतीनं हळूच मान हलवली. “नको.”

“नको म्हणतेय,” आक्कांनी माइकवर सांगितलं आणि पदर सावरून बसल्या.

नंतर बाहेर चहा होता. आम्ही हिरमुसून कप घेऊन उभे होतो, तर काकू दिसेनात. बघतो तर त्या पार पलीकडे आक्कांपाशी! काकू वाकल्या आणि आक्कांच्या कानात काहीतरी म्हणाल्या. अगदी थोडंसं, दोन-चार शब्द असतील. आक्का दचकल्या. काकूंकडे बघत राहिल्या. मग त्यांनी काकूंचा हात दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही.

गाडीत बसल्याबरोबर आम्ही सगळे काकूंवर तुटून पडलो. काय विचारलंत? बरोबर निघालं का? अहो, सांगा ना!

काकूंनी काच खाली केली आणि बाहेर बघायला लागल्या.

“ती नको म्हणाली ना?”